लायब्ररीतला बहिरेबुवा

मंगळवार, ९ जानेवारी

माझी मागची दोन टेबलं गेली! मला न विचारता. सुट्टीनंतर आज शाळेची लायब्ररी उघडते तर खिडकीकडच्या भिंतीला प्लायवूडचे कप्पे ठोकलेले, मतदानाला असतात तसे. प्रत्येक कप्प्यात एक संगणक आणि एक हेडफोन. टेबलं कुठे गेली विचारलं तर शिपाई म्हणाला, "गोदामात असतील, मिस ओर्डेलिया, नाहीतर पावसात." नाहीतर पावसात!

थोड्या वेळाने जिल्हा कार्यालयातला मिस्टर टिडवेल आला. माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा असेल. बोलताना सारखा हसतो. म्हणाला, "ओर्डेलिया, आता तुम्हाला घसा फोडायची गरज नाही. मशीन शब्द सांगेल, मूल मोठ्याने स्पेलिंग म्हणेल, मशीन ऐकेल आणि बरोबर की चूक तेही सांगेल."

सगळं गाव मला मिस ओर्डेलिया म्हणतं. पाद्रीसुद्धा. मी ज्यांचे कान पिळले ते टक्कल पडलेले बाप्ये रस्त्यात टोपी काढून मिस ओर्डेलिया म्हणतात. आणि हा गोरा पोरगा पहिल्याच दिवशी नुसतं ओर्डेलिया! काळ्या बाईला मिस कशाला, म्हणून माझ्या आईला असंच नुसत्या नावाने हाक मारायचे हे लोक. मला वाटलं होतं ते दिवस गेले.

खरी मेख त्याने शेवटी मारली. जिल्ह्याच्या स्पेलिंग स्पर्धेला आमच्या शाळेतून कोण जाणार हे दरवर्षी शाळेची स्पर्धा घेऊन ठरतं. ती मी घेते. यंदा ती नाही. महिनाभर मुलं मशीनपुढे सराव करतील आणि ज्याचे गुण जास्त तो जाईल. "यात माणसाचा पक्षपात येत नाही," म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.


गुरुवार, ११ जानेवारी

बहिरं आहे ते मशीन. ठार बहिरं.

आज सहावीचा वर्ग बसवला. मूल 'बी' म्हणतं, पडद्यावर 'डी' उमटतो. 'ई' म्हणतं, 'आय' उमटतो. चांगलं खणखणीत बोलतात आमची मुलं, चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो त्यांचा. पण यांची बोली इथली, दक्षिणेतल्या डेल्टाची आहे ना! त्या मशीनला बातम्या देणाऱ्या बाईची बोली पाहिजे. दवाखान्यात नवीन डॉक्टर आलेत, त्यांची मुलगी ओहायोत वाढलेली. गेल्या सत्रात माझ्याकडे 'बिझनेस'वर अडून रडत होती. आज तिच्या पडद्यावर नुसत्या हिरव्या खुणा. बाकी सगळ्यांच्या लाल.

वर आणखी एक. आमची मुलं उत्तर संपलं की 'मॅम' म्हणतात. आईच्या पोटातून शिकून येतात आणि न आलेल्याला मी शिकवते. शब्द म्हणायचा, अक्षरं म्हणायची, शब्द पुन्हा म्हणायचा आणि मग मॅम. मशीन तो मॅमसुद्धा स्पेलिंगात धरतं! शब्द बरोबर, शेवटी दोन एम जास्त, म्हणून लाल फुली.

टिडवेलला फोन केला. हसला. "मग मुलांना सांगा, मॅम म्हणू नका."

मी फोन आपटला. मुलांपुढे त्या मशीनला नाव ठेवलं— बहिरेबुवा. मुलं पोट धरून हसली.


शुक्रवार, १२ जानेवारी

आज दिवसभर एकाही मुलाने मला मॅम म्हटलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गावर्गांत फिरून सांगितलं म्हणे. थू.


बुधवार, १७ जानेवारी

झकियाचे गुण बघितले. खालून तिसरी!

सहावीतली झकिया. डोरेथाची मुलगी. डोरेथा मासळीच्या कारखान्यात कॅटफिश सोलते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये गाते. या मुलीसारखी स्पेलिंगवाली माझ्या हाताखालून गेलेली नाही, मी शपथेवर सांगेन. बोलते कमी. शब्द सांगितला की मान खाली घालते आणि मग एकेक अक्षर असं ठेवते की पुसायला नको. गेल्या वर्षी पाचवीत असून शाळेत दुसरी आली. यंदा तीच जाणार हे सगळ्या गावाने धरलेलं. जिल्ह्याला आमच्या शाळेचं मूल पहिलं आलेलं मी कधी पाहिलेलं नाही, आणि यंदा पाहणार होते.

मशीन गेलं खड्ड्यात म्हटलं आणि शाळा सुटल्यावर माझ्या पद्धतीने घेतलं. माझ्या आईने चर्चच्या तळघरात आम्हाला शिकवलं तसंच. मुलं खुर्च्या गोल मांडून बसतात, एक मध्ये उभं राहतं. उभ्या मुलाने एक अक्षर म्हटलं की बाकीचे मांडीवर थाप मारून 'हं' म्हणतात. पुढचं अक्षर, पुन्हा 'हं'. आणि मूल अडकलं, तर सगळे मिळून— "सावकाश, बाळा. सावकाश." रविवारी भाषण विसरलेल्या पोराला अख्खं चर्च म्हणतं तसं. आमच्यात कुणी एकटं उभं राहून गटांगळ्या खात नाही. आपली माणसं खालून हात लावतात.

बहिरेबुवा काय करतात? मूल गप्प झालं की तेही गप्प. हूं नाही की चूं नाही. दगडापुढे बसल्यासारखं. मूल बिचारं हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसलेलं. शिक्षा केल्यासारखं दिसतं.

झकियाला 'न्यूमोनिया' दिला. बरोबर आला. थोडा वेळ लागला, आम्ही तिला दोनदा 'सावकाश' म्हटलं. मग म्हणाली, "मिस ओर्डेलिया, मला ते मशीन—"

मी म्हटलं, "तू काही बोलू नकोस, बाळा. तुझ्यासाठी मी भांडते."


सोमवार, २२ जानेवारी

भांडले. मुख्याध्यापिका मिसेस गॅदिंग्ज माझीच विद्यार्थिनी. हिला मी 'प्रिन्सिपल' लिहायला शिकवलं आणि आज ती माझ्यासमोर प्रिन्सिपल म्हणून बसते.

"मिस ओर्डेलिया, माझे हात बांधलेत. आदेश वरून आहे."

"मग हात बांधलेत तर तोंड तरी उघड. सांग त्यांना की मशीनला आमची मुलं ऐकू येत नाहीत."

"सांगितलं. ते म्हणतात, लायब्ररीत गोंगाट असतो म्हणून ऐकू येत नाही. शाळा सुटल्यावर तुम्ही जे मांड्या बडवत 'हं हं' करता ना, ते टिडवेलने ऐकलं."

गोंगाट! त्याला तो गोंगाट वाटला. तिच्या टेबलावर माझी पर्स आपटली, आतली औषधाची बाटली फुटली, सगळ्या खोलीला पुदिन्याचा वास सुटला. गॅदिंग्ज कागदी रुमालाने पुसत म्हणाली, "तुम्ही अजून तशाच आहात, मॅम." एवढं तरी म्हणाली.


शुक्रवार, २६ जानेवारी

झकिया जेवणाच्या सुट्टीत येऊन कप्प्यात बसते. रोज. सँडविच हातात तसंच. मी दोनदा हेडफोन काढून तिला बाहेर ओढली, म्हटलं जा, मैत्रिणींत जेव. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लाल फुल्या बघून बघून मुलगी खुळी होणार. पराभवाची गोडी लावतंय ते मशीन तिला.

आणि मला विचारते काय— "हे मी घरी नेऊ शकते का, मॅम?" टिडवेलने शाळेला दहा-बारा टॅब्लेट दिलेत म्हणे, घरी न्यायला. मी साफ नाही म्हटलं. तिने जाऊन गॅदिंग्जकडून आणला.

मला राग आला. कबूल करते. पण तिच्यावर नाही.


शुक्रवार, २ फेब्रुवारी

झकियाचे गुण वर गेले. खालून तिसरी होती ती आता वरून चौथी. मी खूश होणार इतक्यात डोरेथा दुकानात भेटली. कारखान्यातून सरळ आलेली, अंगाला माशाचा वास, हातात मक्याच्या पिठाची पिशवी.

म्हणाली, "मिस ओर्डेलिया, माझी पोर दार लावून बसते आणि आतून गोऱ्या बाईचा आवाज येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तीच. तसं बोलते. मला वाटलं टीव्ही चालू आहे, म्हणून दार उघडलं. अक्षरं म्हणत होती, पण अशी तोंड बारीक करून. मी विचारलं, कुणाची गं तू? तर म्हणे, असं बोललं की त्याला ऐकू येतं, ममा."

मी तिथे उभ्या उभ्या पेटले. पोरीला स्वतःचा आवाज दाराबाहेर ठेवून आत जावं लागतं— चपला काढून ठेवतात तसा! आणि कशासाठी? एका ठोकळ्याने हिरवी खूण द्यावी म्हणून. माझ्या आईने आम्हाला कितीदा सांगितलं होतं, अक्षरं सगळ्यांची आहेत, ज्याच्या तोंडी बसतील त्याची. आज ती नाही ते बरं.

डोरेथा म्हणाली, "पण खरं सांगू? आत असते तेव्हा खूश असते. ते काय मला कळत नाही."

मी म्हटलं, त्यात कळायचं काय आहे. लहान पोर आहे. हिरव्या खुणेला भुललीये.


रविवार, ४ फेब्रुवारी

चर्चमध्ये मुलांची भाषणं. फेब्रुवारीत दर रविवारी असतात, आपल्या पूर्वजांवर. झकियाला मीच भाषण लिहून दिलं होतं. निळा फ्रॉक, केसांत पांढरे मणी. उभी राहिली, पहिली चार वाक्यं छान म्हणाली, आपल्या आवाजात, आणि थांबली.

मग चर्च चर्चसारखं वागलं. "सावकाश, बाळा!" "बोल, लेकरा!" मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पंखे हलवत 'हं हं' करायला लागल्या, पेटीवाल्याने दोन सूर दिले, टाळ्या सुरू झाल्या. मी सगळ्यात मोठ्याने. झकियाने आमच्याकडे बघितलं, डोळे भरून आले तिचे, आणि उरलेलं भाषण एका दमात म्हणून ती पळत जाऊन आईच्या कुशीत शिरली. मधला एक परिच्छेद गाळला, पण त्याचं काय एवढं.

टिडवेलला इथे आणून बसवायला हवं होतं. बघ म्हणावं, याला ऐकणं म्हणतात. मशीनपुढे या पोरीचे डोळे कधी भरून आले होते का?

नंतर तळघरात जेवण होतं. मी तिच्या ताटात चिकनचा मोठा तुकडा वाढला, म्हटलं, "बघितलंस? तुझी माणसं तुला पडू देत नाहीत." ती म्हणाली, "हो, मॅम." तुकडा तसाच ठेवला तिने.


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

निकाल लागला. झकिया पहिली. ओहायोची मुलगी दुसरी. जिल्ह्याला झकिया जाणार!

आणि मला नीट आनंदसुद्धा होऊ दिला नाही यांनी. टिडवेल आला, तिच्याबरोबर फोटो काढला, मशीन मध्ये धरून. "बघा ओर्डेलिया, मशीन चालतं," म्हणाला. मी म्हटलं, "मशीन चाललं नाही, मिस्टर टिडवेल. मुलगी चालत मशीनपर्यंत गेली." त्याला कळलंच नाही, हसला. गॅदिंग्जला कळलं. तिने खिडकीबाहेर बघितलं.

झकियाला नंतर बाजूला घेऊन सांगितलं— जिल्ह्याला ती बारीक तोंडाची बोली नाही चालणार माझ्याकडे. तिथे शब्द सांगणारा माणूस असतो, ऐकणारी माणसं असतात. तिथे तू डोरेथाची मुलगी म्हणून बोलायचंस.

"हो, मॅम. तसंच बोलणार होते मी."


मंगळवार, १३ फेब्रुवारी

निकाल लागल्यापासून शाळा सुटल्यावर रोज गोल. मी अख्ख्या सहावीला बसवलं. झकिया मध्ये. थापांनी लायब्ररी दणाणते. मुलांना टी-केक करून नेते त्यामुळे एकही चुकवत नाही.

झकिया नीट करत नाहीये. मशीनने बिघडवलीये तिला. शब्द दिला की मान खाली घालून उभी राहते, आणि उभीच राहते. आम्ही 'सावकाश' म्हटलं की दचकते, मग घाईने काहीतरी म्हणते, चुकते. येतात तिला ते शब्द! परवा स्वतःच फळ्यावर लिहिलेले.

आज म्हणाली, "मिस ओर्डेलिया, आज मी एकटी बसून करू का?"

मी म्हटलं, एकटं बसवून बसवूनच तर ही वेळ आली. मुलांना सांगितलं, आणखी जोरात.


गुरुवार, २२ फेब्रुवारी

चर्चची बस मिळाली. पाद्री स्वतः चालवणार. डोरेथाने कारखान्यातून रजा काढली— तिथल्या मुकादमाला देवाने आज सुबुद्धी दिली असावी. माझी पिवळी हॅट इस्त्रीवाल्याकडून वाफ देऊन आणली. झोप येईलसं वाटत नाही.


शनिवार, २४ फेब्रुवारी

लिहिते. झालं तसं सगळं लिहिते.

स्पर्धा मार्लोला, कॉलेजच्या सभागृहात. बसमध्ये मीच सगळ्यांना बजावलं होतं— तिथे आपलं चर्च नाही. मुलं वर असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. 'हं' नाही, 'बोल लेकरा' नाही, काही नाही. डोरेथालाही सांगितलं. ती म्हणाली, "मला नका सांगू, मिस ओर्डेलिया. तुमचं तुम्ही बघा." सगळी बस हसली. मीही हसले.

पहिल्या फेरीपासून झकिया उत्तम. आपल्या आवाजात, खणखणीत. एकामागून एक मुलं घंटा वाजून खाली बसली, ही उभी. पण प्रत्येक शब्दाआधी थांबत होती. मान खाली, ओठ मिटलेले. आणि ते सभागृह! स्मशानात असते तशी शांतता. एवढे लोक बसलेत आणि एकाच्याही तोंडून पोरीला आधाराचा शब्द नाही. यांची मुलं कशी वाढतात देव जाणे. माझा जीव टांगणीला लागलेला. हॅटची कड चावून चावून ओली झाली.

शेवटी तिघं उरली. मग दोन. एक चष्मेवाला मुलगा आणि झकिया. मुलगा चुकला. आता झकियाने एक शब्द बरोबर म्हणायचा आणि वरून आणखी एक, की संपलं. पहिला बरोबर आला! डोरेथाने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. दुसरा शब्द आला— 'कॅलिडोस्कोप'.

झकियाने शब्द म्हटला. मान खाली घातली. आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. इतका वेळ ती कधी थांबली नव्हती. पोर बुडताना दिसत होती मला, सगळ्यांसमोर, एकटी, आणि कुणी हलत नव्हतं. मी किती वेळ बघणार? माझ्या तोंडून निघालं, "सावकाश, बाळा."

दोन शब्द. त्यात कुठलं अक्षर सांगितलं मी? कुठलं?

पण मी म्हटलं आणि आमच्या दोन्ही रांगा उठल्या. उठणारच. जन्मभराची सवय आहे. "हं हं!" "बोल, लेकरा!" कुणीतरी टाळी दिली, पाद्रीनेच बहुतेक. झकियाने तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं.

घंटा वाजली. परीक्षक तिघं, एकमेकांच्या कानाला लागले. मग त्यातला लाल टायवाला उभा राहून म्हणतो, प्रेक्षकांतून आवाज आल्यामुळे हा शब्द रद्द, मुलीला दुसरा शब्द देण्यात येईल. आणि पुन्हा आवाज झाला तर सभागृह रिकामं करावं लागेल. सभागृह म्हणजे आम्ही! इतर कुणाकडे बघत नव्हता तो.

दुसरा शब्द दिला. झकिया या वेळी थांबलीच नाही. मानही खाली घातली नाही. घाईघाईने भरभर म्हणून टाकला, आमच्या रांगांकडे बघत. एक अक्षर राहिलं. घंटा.

तिचा शेवटचा शब्द हुकला म्हणून चष्मेवाल्याला परत बोलावलं. पुढच्या फेरीत जिंकला तो.

बसमध्ये कुणी बोललं नाही. मी बोलले. सगळ्या रस्त्याने बोलले. त्यांच्यातली एखादी बाई शिंकली असती तर शब्द बदलला असता का यांनी? आमचा आवाज तेवढा यांना आवाज वाटतो. मशीनलाही आणि माणसांनाही. झकिया मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, म्हटलं, "तुला हरवलं नाही बाळा, लुबाडलं. मी सोडणार नाही त्यांना." तिने डोळे मिटून घेतले.


रविवार, २५ फेब्रुवारी

अख्खं चर्च माझ्या बाजूने. पाद्रीने प्रवचनात घेतलं, नाव न घेता. उपासना संपल्यावर अंगणात बायकांनी मला गराडा घातला. न्हाव्याच्या दुकानात काल रात्रीपासून दुसरा विषय नाही म्हणे. गुरुवारी जिल्हा शिक्षण मंडळाची बैठक आहे, तिला आम्ही दोन बस भरून जाणार. मी बोलणार. मशीनपासून सुरू करणार आणि लाल टायवाल्यापर्यंत येणार. झकियाला निळा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसवायचं, आणि तिला सर्वांपुढे 'कॅलिडोस्कोप' म्हणायला लावायचं. मग बघू कोण मान वर करतं.

गॅदिंग्जचा फोन आला. "मिस ओर्डेलिया, त्यांच्या नियमात तेच आहे. मी वाचलं. आवाज झाला की शब्द बदलतात, कुणाच्याही बाबतीत. झकियाला तर बादसुद्धा करता आलं असतं त्यांना."

मी म्हटलं, "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

ती म्हणाली, "झकियाच्या." आणि फोन ठेवला. माझी विद्यार्थिनी! माझ्या तोंडावर!

डोरेथा मात्र अंगणात आली नाही. चर्चमधून सरळ घरी गेली. दमली असेल.


मंगळवार, २७ फेब्रुवारी

भाषण तयार झालं. आरशापुढे दोनदा म्हटलं. आवाज अजून आहे माझा. लाल टायवाल्याचं नाव काढलं शोधून. परवा त्याला त्याच्या नावाने हाक मारणार आहे, नुसत्या नावाने, मिस्टर न लावता.


बुधवार, २८ फेब्रुवारी

आज शाळा सुटल्यावर झकिया आली. मी तिला उद्याचं सांगायला लागले— कुठे बसायचं, केव्हा उठायचं. ती उभी राहून ऐकत होती. माझं संपलं. मग ती मान खाली घालून थांबली. मी 'सावकाश' म्हणणार होते. का कोण जाणे, म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी अडकले नव्हते, मॅम. मी आख्खा शब्द आधी डोक्यात लिहिते, शेवटपर्यंत, मग बोलते. मशीनपुढे तसं करता येतं. ते मध्ये बोलत नाही. त्या दिवशी माझा लिहून झाला होता."

मी भाषणाचे कागद टेबलावर ठेवले.

"उद्या मी येणार नाही बैठकीला. ममाला सांगितलंय. आणि पुढच्या वर्षी मी परत उतरणार आहे स्पर्धेत. तेव्हा तुम्ही नका येऊ."

बरं म्हणाले.